दाढ, ओळंबा आणि खलाशाचा उजवा हात

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातली धाकटी सांगत होती, की तिच्या दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीच्या वर छतालाच टीव्ही लावलाय. तोंड उघडून आडवं पडायचं आणि मासे पोहताना बघायचे. तेवढ्यात दाढ भरूनही होते. "आजी, तुमच्या वेळी काय असायचं गं?" तिने विचारलं, आणि मी सुरुवात करणार तोच तिला आईने जेवायला हाक मारली. बरंच झालं. मला कोणतीही गोष्ट पहिल्यापासून आणि क्रमाने सांगितल्याशिवाय जमत नाही, आणि फोनवर तेवढी सवड कोणाला असते? म्हणून लिहितेच.

आमच्या वेळी समोर चुन्याने रंगवलेली भिंत असायची आणि तिच्यावर एक पाल.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. तुमचे आजोबा नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात होते आणि आम्हाला नवीन सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. भिंतींचा ओलेपणा अजून गेला नव्हता. दिवसभर ट्रक जायचे, आणि संध्याकाळी घरातल्या प्रत्येक वस्तूवरून बोट फिरवलं की बोट लाल व्हायचं. मी नागपूरहून आले होते. वडील रेल्वेत, मुलींनी शिकावं अशा मताचे. त्यामुळे माझं शिक्षण मिशनच्या शाळेत, इंग्रजीतून झालं होतं. भिलाईत त्या इंग्रजीचं काय करायचं, हे पहिलं वर्षभर मला कळलं नव्हतं.

मग कारखान्याच्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर आले. ते मद्रासकडचे. त्यांना तमिळ यायचं, उत्तम इंग्रजी यायचं आणि हिंदीची दोन वाक्यं यायची: "मुँह खोलो" आणि "हिलना मत". समोर येणारी माणसं मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, पंजाबी, बंगाली बोलणारी. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांचं बोलणं पेशंटला आणि पेशंटचं त्यांना सांगणारं कोणीतरी हवं होतं. आजोबांच्या साहेबांनी माझं नाव सुचवलं. मराठी घरचीच होती, हिंदी येत होती, छत्तीसगढी आमच्या भांडीवालीकडून थोडी शिकले होते. तेलुगूसाठी मात्र शेवटपर्यंत खाणाखुणाच.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक तात्पुरती इमारत. तिच्या टोकाच्या खोलीत लोखंड आणि चामड्याची ती खुर्ची होती. दाढ कोरायचं यंत्र पायाने चालवायचं, शिवणयंत्रासारखं. कोपऱ्यात रॉकेलच्या स्टोव्हवर अवजारं उकळत असायची आणि आत येणाऱ्याला सगळ्यात आधी तोच खळखळाट ऐकू यायचा. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं त्या आवाजानेच अर्धी व्हायची.

डॉक्टरांचा हात फार हलका होता, पण ते पेशंटशी बोलत नसत. बोलत ते माझ्याशी. काम करता करता हळू आवाजात इंग्रजीतून प्रत्येक पायरी सांगत राहायचे: आता हे करतो, मग ते करीन, इथे अडचण येऊ शकते. आणि मी, शिस्तीत वाढलेली मुलगी, त्यातलं अक्षरही न गाळता पेशंटला त्याच्या भाषेत सांगायचे. माणसाला आधी सगळं नीट सांगितलं की त्याची भीती जाते, असं माझं प्रामाणिक मत होतं. पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरायचे, डोळे मिटायचे, कोणी देवाचं नाव घ्यायचं. मला वाटायचं, दातांच्या दवाखान्यात असंच असतं.

तीन महिने मी हे इमानेइतबारे केलं. मग तो खलाशी आला.

खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. कारखान्यात लोखंडाचे प्रचंड खांब आणि तुळया उचलून जागेवर बसवणाऱ्या टोळ्यांना खलाशी म्हणत. हा भंडाऱ्याकडचा, शेतकरी घरातला. भावाभावांत जमीन पुरेना म्हणून आला होता आणि चार वर्षांत टोळीचा इशारेवाला झाला होता. म्हणजे असं: क्रेनचा ड्रायव्हर उंच बसलेला असतो, ओझं कुठे टेकतंय ते त्याला दिसत नाही. खाली एक माणूस उभा राहतो, तोंडात शिट्टी धरतो आणि हाताने दाखवतो, उचल, सोड, डावीकडे, अगदी जरासं, थांब. ड्रायव्हर फक्त त्या हाताकडे बघतो. त्या हाताच्या भरवशावर वीस माणसं ओझ्याच्या आजूबाजूला वावरत असतात.

त्याची उजवीकडची खालची दाढ किडून गाल आणि जबड्याखालचा भाग टम्म सुजला होता. शिट्टी दातांत धरता येईना. मुकादमाने त्याला इशाऱ्यावरून काढून खडी वाहायला लावलं होतं, आणि पंधरवड्यात बरा झाला नाहीस तर जागा दुसऱ्याला देईन, असं साफ सांगितलं होतं. हे सगळं त्याने अर्धवट तोंड उघडून मला सांगितलं, मी कार्डावर लिहिलं, आणि तो खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी बघितलं आणि नेहमीप्रमाणे बोलायला लागले. मी नेहमीप्रमाणे सांगायला लागले: "आधी हिरडीत सुई जाईल. मग दुसरी आणखी खोल, हाडाजवळ. सूज असल्यामुळे औषध पूर्ण लागेलच असं नाही. मग दाढ हलवून मोकळी करतील. मूळ वाकडं असलं तर तुकडे करून काढावी लागेल. थोडं हाडही कापावं लागेल कदाचित."

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठला. खुर्चीखालच्या चपला पायात सरकवल्या, मला नमस्कार केला आणि निघून गेला.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. "तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात ते."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "मॅडम, ते मी तुम्हाला सांगत होतो. तुम्ही काम शिकावं म्हणून."

तीन महिन्यांतले सगळे मिटलेले डोळे माझ्या समोरून गेले. डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाले, की सूज जबड्याखाली कडक झाली आहे, ती गळ्यात उतरली तर श्वास अडेल, या माणसाला चार दिवस थांबता येणार नाही. "त्याला परत आणायला हवं," ते म्हणाले. कोणी आणायचं ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बाकाकडे बघत राहिले. तो आला नाही. कार्डावर पत्ता होता, मजुरांच्या वस्तीतला: कॅम्प एक, अमुक लाइन. पण परक्या माणसाच्या घरी जाऊन काय म्हणायचं, याची मला लाज वाटत होती. तो प्रश्न तिसऱ्या दिवशी सकाळी सुटला. दवाखाना उघडायच्या आधीच त्याची बायको दारात उभी होती. काखेत मूल, कपाळावर घाम.

"तुमीच काय जी त्या इंग्रजीवाल्या बाई?"

"हो."

"काय सांगितलं तुमी आमच्या यायले? दोन दिवस झाले, भाकर नाई, पेज नाई. कावून नाई गेला म्हणलं, त हाड कापतेत म्हणते. हाड कापतेत का जी तुमी इथं? दवाखाना हाये का खाटिकखाना?"

मी म्हटलं, "चूक माझी झाली. एवढं सांगायला नको होतं."

"मंग चला," ती म्हणाली. "भेव तुमी घातलं, काढा बी तुमीच."

मी डॉक्टरांसाठी चिठ्ठी ठेवली आणि तिच्या मागोमाग निघाले. कॅम्प एकपर्यंत चालत. वाटेत तिने मला तीनदा विचारलं की मला मुलंबाळं आहेत का, आणि नाही म्हटल्यावर दर वेळी "मंग तुमाले काय ठाव" असं म्हणून पुढे चालू लागली. मला ते ऐकायला हवंच होतं.

त्यांची खोली एका दाराची. तो भिंतीला टेकून बसला होता, धोतराच्या फडक्याने जबडा वर डोक्याला बांधलेला, उजवा हात गालावर दाबलेला. मला बघून उठायला लागला. मी बस म्हटलं. मी हात जोडून सांगितलं, की डॉक्टर मला शिकवत होते आणि ते मी तुम्हाला ऐकवलं, त्यातलं निम्मं कदाचित करावंही लागणार नाही. त्याने मान हलवली. पण येतो म्हणाला नाही.

मग तो दातांच्या फटीतून हळूहळू बोलला. "दुखण्याचं नाई, बाई. दुखून त राह्यलंच हाये." त्याने फडकं जरा सैल केलं. "ओझ्याखाली उभं राहाचं नाई, हे आमाले पयल्या दिवशी शिकवते. तुमच्या त्या खुर्चीत मी ओझ्याखाली पडलो. वरून काय येऊन राह्यलं ते दिसत नाई. हात रिकामे. अन् थांब म्हणाले तोंड बी नाई."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

तेवढ्यात त्याची बायको स्टुलावर चढून ताकाचं मडकं शिंक्यात ठेवायला लागली. शिंकं हलत होतं, एका हातात मूल, मडकं कलत होतं. आणि त्याचा उजवा हात गालावरून सुटला. बोटं वर: उचल. तळवा जरासा डावीकडे. अंगठा आणि तर्जनी जवळ: अगदी थोडं. मग मूठ: थांब. मडकं बसलं. मग ती तोंड फिरवून म्हणाली, "दिसून राह्यलं मले, तुमची क्रेन नोको लावू इथं," पण तिने ऐकलं होतं त्याचंच.

मी मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तेवढा वेळ त्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. मडकं बसल्यावर हात पुन्हा गालावर गेला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमच्या हाताला काम दिलं तर?" मी विचारलं. "खुर्चीत बसल्यावर. मी क्रेन होते. तुम्ही इशारा द्या."

बायको स्टुलावरून हसली. "बाई क्रेन होते म्हणते!"

तो हसला नाही. त्याने ते कामाचं बोलणं म्हणून घेतलं आणि बराच वेळ विचार केला. मग त्याने अट घातली. त्यांच्याकडे नियम आहे, तो म्हणाला: इशारा एकाच माणसाचा चालतो, पण थांबाची मूठ कोणीही दाखवली, अगदी झाडूवाल्यानेही, तरी क्रेन थांबलीच पाहिजे. "उजवा हात तुमच्यासाठी. डावा डाक्टरसाठी. म्या डावी मूठ दाखवली त डाक्टरनं हात काहाडला पायजे. थांबन का तो?"

"विचारते," मी म्हटलं. खोटं आश्वासन द्यायची माझी आता हिंमत नव्हती.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते कापसाच्या बोळ्यांची बरणी भरत होते. एवढ्या वर्षांत त्यांना पेशंटने कधी अट घातली नसावी. "त्याचं डोकं हललं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इशारा देणाऱ्याचं डोकं हलत नाही, नजर ओझ्यावरून निघत नाही, हलतो तो फक्त हात. त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "थांबेन," म्हणाले. "त्याला सांगा. एवढंच सांगा."

त्याच संध्याकाळी खलाशी दवाखान्यात आला आणि दंडात पेनिसिलिनची सुई घेऊन गेला. हूं की चूं नाही. दंड त्याला दिसत होता ना! असं दोन दिवस. सूज थोडी नरमली आणि डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली.

क्रेन मी घरी तयार केली. मच्छरदाणीची एक काठी घेतली, टोकाला खाच केली, खाचेतून सुतळी ओवली, आणि सुतळीला लटकवायला तुमच्या आजोबांकडून ओळंबा मागून आणला. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधतात तो पितळी लोलक. आजोबा म्हणाले, "दवाखान्यात भिंत बांधायला चाललीस?" मी म्हटलं, "क्रेन चालवायला." त्यांनी पुढे विचारलं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि कुठे विचारायचं नाही हे त्यांना कळू लागलं होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर मी औषधाची एक रिकामी बाटली ठेवली. ओळंबा जेमतेम आत जाईल एवढंच तिचं तोंड. खलाशी खुर्चीत बसला. डॉक्टरांनी खुर्ची नेहमीइतकी मागे पाडली नाही. त्याला बाटली दिसायला हवी होती. मी त्याच्यासमोर, बाटलीकडे पाठ करून उभी राहिले. पदर खोचलेला, काठी खांद्यावरून मागे, दुसऱ्या हातात सुतळीचं टोक. ओळंबा माझ्या पाठीमागे लोंबत होता आणि मला तो दिसत नव्हता. खऱ्या ड्रायव्हरलाही दिसत नाही. आरशात मी कशी दिसत असेन याचा विचार त्या दिवशी केला नाही, नंतर पुष्कळ केला.

बायको दाराशी उभी होती. "बाई, डावीकडं घ्या नं, दिसत नाई का?" तिने सुरुवातच केली. त्याने उजव्या हाताने तिला मूठ दाखवली. इशारा एकाचाच.

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि शिकवलं. कोपरापासून हात वर आणि बोट गोल फिरलं. "हबेस," तो म्हणाला. म्हणजे उचल. बोट खाली आणि गोल. "आरिया." सोड. हे त्यांचे शब्द, कुठून आले कोणास ठाऊक. मग त्याने तोंड उघडलं आणि बोलणं संपलं.

डॉक्टरांनी पहिली सुई घेतली. ते त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, माझ्याशीसुद्धा. खलाशाचा उजवा हात: हबेस. मी सुतळी ओढली. डावीकडे. मी डावीकडे गेले, म्हणजे माझ्या डाव्या बाजूला, म्हणजे त्याच्या उजवीकडे. त्याचा हात हवेतच थिजला आणि भुवया वर गेल्या. अशी मठ्ठ क्रेन त्याला चार वर्षांत मिळाली नसणार. पुन्हा सावकाश, लहान मुलाला दाखवावं तसा तळवा. मी फिरले. आरिया. मी सुतळी सोडली ती एकदम, आणि ओळंबा टेबलावर ठाणकन आदळला. बायको "अगं माय" म्हणाली. त्याच्या घशातून आवाज आला. मी घाबरले, दुखलं असं वाटलं. पण तो आवाज माझ्यासाठी होता, तो मला रागावत होता. पहिली सुई तोवर बाहेर आलेली होती.

दुसरी सुई खोल जायची होती. ती आत जाताना त्याचा उजवा हात थांबला. बोटं तशीच वर राहिली. मग डावा हात खुर्चीवरून उठला आणि मूठ वळली.

मी डॉक्टरांकडे बघितलं. मुद्रेवरून ते नाखूश दिसले. अर्धं काम झालं होतं. थोडं नेटाने पुढे नेलं असतं तर संपलं असतं, हे मला तीन महिन्यांच्या अनुभवावरून कळत होतं. पण त्यांनी सुई बाहेर घेतली. दोन्ही हात वर करून, एक पाऊल मागे सरकून उभे राहिले. स्टोव्ह खळखळत होता.

खलाशाने त्यांच्याकडे बघितलं, त्या वर केलेल्या दोन्ही हातांकडे. तीन-चार श्वास घेतले. मग डावी मूठ हळूच उघडली, बोट खाली वळवलं आणि गोल फिरवलं: आरिया. सोडा. तो डॉक्टरांना इशारा देत होता.

डॉक्टरांना तो शब्द माहीत नव्हता, खूण मात्र कळली. त्यांनी मान हलवली आणि सुई पुन्हा आत घातली, या वेळी फार सावकाश. इकडे उजव्या हाताने मला हुकूम सोडला: हबेस.

औषध लागायला थांबायचं होतं. त्या वेळात आम्ही बाटलीच्या वर पोचलो. म्हणजे तो पोचला, मी फक्त ओढत होते. मग डॉक्टरांनी पकड घेतली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण माझी नजर त्याच्या बोटांवर होती. अंगठा आणि तर्जनी, मधे तांदळाएवढी फट. तेवढंच. आणखी तेवढंच. उजवीकडे, नाही, एवढं नाही, मागे. एकदा त्याचं सगळं अंग ताठ झालं, पाय खुर्चीवर घासले, पण बोटं चुकली नाहीत. ती सांगत राहिली आणि मी करत राहिले. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात गेला तरी पुसता आला नाही, दोन्ही हात अडकलेले. आरिया. आरिया. आणि मूठ.

पाठीमागे काचेला पितळ लागल्याचा लहानसा आवाज झाला.

"पडला!" बायको ओरडली. "आत गेला बाप्पा!"

डॉक्टरांच्या पकडीत दाढ होती. मूळ सरळच निघालं. हाडाला हात लावावा लागला नाही. खाली वाटीत बरीच घाण वाहून आली, ती तुम्हाला सांगत नाही. जास्त सांगायचं नाही एवढं त्या आठवड्यात शिकले होते. डॉक्टरांनी कापसाचा बोळा त्याच्या तोंडात दिला आणि ते स्टुलावर बसले. पेशंटसमोर बसलेले ते मला पहिल्यांदाच दिसले. त्यांनी विचारलं, "सोडा याला तो काय म्हणतो?"

"आरिया."

"आरिया," ते म्हणाले, आणि हाताने करून बघितलं. चुकलं. खलाशाने बोळा चावतच त्यांचं मनगट धरून ते नीट वळवून दिलं.

त्यानंतर डॉक्टरांनी मला एक वेगळं काम दिलं. कार्डावर नाव, वय, तक्रार लिहिल्यावर खाली आणखी एक ओळ लिहायची: हा माणूस हाताने काय काम करतो. जवळच्या उतई गावाकडून येणाऱ्या बायकांना मी सूप आणि तांदूळ देऊ लागले. दाढ कोरताना त्यांची बोटं खडे वेचत राहायची आणि एखादा खडा राहिला तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त राग यायचा. कारखाना उभारायला आलेल्या रशियनांपैकी एक बाई आल्या, त्यांची भाषा आम्हा दोघांनाही येत नव्हती. त्यांनी आपलं विणकाम आणलं, डॉक्टरांना डाव्या मुठीची खूण करून दाखवली आणि डॉक्टरांनी मान डोलावली. सगळ्यांना हे लागू पडलं असं नाही. एक तेलुगू सुतार रंधा हातात घेऊनही रडलाच. पण मूठ दाखवली की डॉक्टर थांबायचे, हे भिलाईत पसरलं, आणि बाकावर बसलेली माणसं पूर्वीइतकी पांढरी पडेनाशी झाली.

मला या तिघांचे आभार मानायचे राहून गेले म्हणून हे आता लिहून ठेवते. डॉक्टरांचे, कारण माझ्या चुकीवर त्यांनी एकही टोचणारा शब्द वापरला नाही आणि वेळ आली तेव्हा एक पाऊल मागे सरकले. खलाशाच्या बायकोचे, कारण ती येऊन भांडली नसती तर मी लाजेने घरीच बसले असते आणि काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही. आणि खलाशाचे, कारण ज्या बाईने त्याला भीती घातली तिच्याच हातात त्याने सुतळी दिली.

दाढ काढल्यावर दहाव्या दिवशी तो तपासायला आला. गाल उतरला होता, जखम भरत आली होती. डॉक्टरांनी इशाऱ्याच्या कामाला योग्य असल्याची चिठ्ठी दिली. "मुकादम मानेल ना?" मी विचारलं.

"मानन नाई त काय," तो म्हणाला. "दुसरा ठेवला होता त्यानं एक. तो तुमच्यावाणीच हाये, बाई. डावं सांगितलं त उजवं करते." मग त्याला वाटलं की मला वाईट वाटेल, म्हणून म्हणाला, "तुमचं हबेस चांगलं हाये. आरिया करताना घाई नोको."

आणखी महिनाभराने असेल, तुमचे आजोबा मला कारखान्याच्या बाजूने घेऊन गेले होते. एवढी धूळ की माणसं ओळखू येत नव्हती. वर एक लांबलचक तुळई क्रेनला लटकत होती आणि खाली मोकळ्या जागेत एक माणूस एकटाच उभा होता, हात वर केलेला. तुळई सरकली, थांबली, तांदळाएवढी खाली आली, पुन्हा थांबली. आजोबा म्हणाले, "अगं, हाक मार की. तुझाच पेशंट ना तो?"

मी हाक मारली नाही. त्याची नजर ओझ्यावर होती. आम्ही दोघं वाटेच्या कडेला थांबलो आणि तुळई खांबावर बसेपर्यंत तिथेच उभे राहिलो.